बाईंची प्रयोगशाळा आणि एक जामफळ

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिहा, असा निरोप आला. मैदान, गणपती, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. मी जीवशास्त्राच्या बाईंबद्दल लिहिणार. त्यांचं नाव इथे कुणाला सांगायला नको.

आधी बघायचं, मग पुस्तक उघडायचं, ही बाईंची रीत. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब पडला की एकमेकींना खेटलेल्या लांबट पेशी उठून दिसत. केंद्रक बहुधा कडेला सरकलेलं, कारण मधली सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या पाणीदार पिशवीने, अडवलेली. "हरितलवकं कुठे आहेत?" असं कुणी विचारलं की बाई म्हणत, "मातीतल्या कांद्याला उन्हाशी काय देणंघेणं?" मग सूर्यफुलाचं खोड ब्लेडने कापायचं, काप वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडायचे आणि त्यातला जवळजवळ दिसतच नाही असा एक ब्रशने उचलायचा. सूर्यफुलात वाहिन्यांचे जुडगे गोल कडं करून बसलेले, मक्यात सगळीकडे विखुरलेले. एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर द्विदल-एकदल पाठ करायची गरजच उरली नाही.

पण मला सांगायचंय ते जामफळाचं, म्हणजे पेरूचं. थंडीचे दिवस, बाहेरच्या लारीवरचं तिखटमीठ लावलेलं जामफळ, आणि शेवटच्या बाकावर आमचा एक मित्र तासाला बिनधास्त चावतोय. बाईंनी जवळ येऊन नुसता हात पुढे केला. आता कान पिळणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. बाईंनी बियांजवळचा चिमूटभर गर काढला, सुईने काचपट्टीवर पसरला, सॅफ्रानिन हा लाल रंग घातला, धुतला, वर कव्हर स्लिप ठेवली. "दाताखाली कचकचतं ते काय, बघ आता."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. गराच्या पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या, फिकट. त्यांच्यामध्ये लालभडक घोळके, अश्मपेशींचे, म्हणजे दगडासारख्या कठीण पेशींचे. लाकडाला कडक करणाऱ्या लिग्निनने भिंती इतक्या जाड की आत जेमतेम ठिपक्याएवढी पोकळी, आणि तिच्यापासून बाहेरच्या दिशेने गेलेले केसासारखे बारीक मार्ग. "या मेल्यात कधीच्या," बाई म्हणाल्या, "भिंती तेवढ्या मागे ठेवून गेल्यात." मऊ गराची मूल ऊती आणि कठीण पेशींची दृढ ऊती, दोन्ही एकाच थेंबात शिकून झाल्या. जामफळ मात्र जप्त झालं ते झालंच.

आज मी बडोद्याबाहेरच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात कच्च्या मालाची प्रयोगशाळा सांभाळतो. चूर्णाचं पोतं आलं की चिमूटभर काचपट्टीवर जातंच. सुंठेत अश्मपेशी असायचं कारण नाही. दिसल्या की पोतं परत. व्यापारी वास घेऊन दाखवतात, शपथा घेतात. हाताखालची मुलं एम.एस्सी. होऊन येतात, पण हाताने काप घेता येणारं एखादंच. तयार स्लाइडचा डबा मिळतो, त्यामुळे कुणी बोट कापून घेत नाही आणि कुणाला कापताही येत नाही. आरसा खिडकीकडे वळवून उजेड पकडायचे ते सूक्ष्मदर्शकही गेले. नवे चांगले आहेत, तक्रार नाही, तरी वाईट वाटतंच.

देणगीचा आकडा समितीला कळवलाय. तो प्रोजेक्टरऐवजी ब्लेड, सॅफ्रानिन आणि काचपट्ट्यांवर खर्च व्हावा, एवढी अट घातली आहे. अट जाचक वाटली तर फोन करा, भांडायला मी तयार आहे.