शेरूची गादी

आमचा शेरू हा ११ वर्षांचा लॅब्राडोर संधिवाताने त्रस्त असून, फरशीवरून उठताना त्याचे मागचे पाय घसरतात आणि कोपरांवरचे केस जाऊन तिथे राखाडी घट्टे पडले आहेत. त्याच्यासाठी आज गादी घेताना असे लक्षात आले की, गुबगुबीत दिसणाऱ्या बहुतेक गाद्यांवर मूठ दाबली की ती थेट जमिनीला टेकते. मग ३० किलोंच्या जिवाचे खुबे आणि कोपरे तिथे टेकल्याशिवाय कशी राहतील? कापसाच्या गादीत कालांतराने गोळे होतात, म्हणून तीही नको वाटली. अखेरीस खाली घट्ट फोम आणि वर मेमरी फोमचा (अंगाच्या भाराने त्याचा आकार घेणाऱ्या मऊ फोमचा) थर असलेली, चार इंच जाडीची, बुटक्या कडेची आणि धुता येईल अशा खोळीची गादी पसंत केली. शेरू अंग ताणून कुशीवर झोपतो, त्यामुळे नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत माप घेऊन त्याहून वीतभर लांब गादी निवडली. गादीने संधिवात बरा होत नाही, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांचे औषध आणि वजनावरचे नियंत्रण चालूच राहील. मात्र दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढणाऱ्या या म्हाताऱ्या जिवाला ते तास तरी सुखाचे जावेत, असे मनापासून वाटते. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत न सरकणारी रबरी चटईही अंथरली आहे.