घरच्या गॅरेजात लोटस सेव्हन : पीपीएफ (पॉवर प्लांट फ्रेम) काढली, डिफ आणि गिअरबॉक्स बसले

नमस्कार मंडळी, मधे बरेच दिवस काही लिहिलं नाही कारण दाखवण्यासारखं पूर्ण झालेलं काही नव्हतं, पण आता चॅसी फुल वेल्ड झालीय, डिफ (डिफरन्शियल, मागच्या चाकांकडे जोर वळवणारा गिअरचा डबा) आणि गिअरबॉक्स दोन्ही आपापल्या माउंटवर बसलेत आणि इंजिनही चॅसीत उतरवून बघितलंय, त्यामुळे आजचा अपडेट मोठा आहे, चहा घेऊन बसा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. मी इंग्लंडात लेस्टरला राहतो, सिंगल गॅरेज आहे, आणि त्यात लोटस सेव्हनची रेप्लिका बनवतोय. सेव्हन कॉलिन चॅपमननी १९५७ मध्ये आणली, दोन सीट, दरवाजे नाहीत, पातळ पाइपांची फ्रेम आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वजन जेमतेम पाचशे किलोच्या आसपास. त्या काळी इंग्लंडात पूर्ण गाडी घेतली की पर्चेस टॅक्स लागायचा आणि सुटे पार्ट घेऊन घरी जोडली की लागायचा नाही, म्हणून ही गाडी पहिल्यापासूनच घरी बसून जोडायची गाडी. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि ते आजही ती बनवतात, फक्त किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही. म्हणून लोकॉस्ट, म्हणजे सेव्हनची घरी बनवलेली स्वस्त नक्कल. रॉन चॅम्पियन नावाच्या ब्रिटिश मास्तरांनी १९९६ मध्ये पुस्तक काढून दाखवलं की साधा एक इंची स्क्वेअर पाइप, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे पार्ट आणि घरचं वेल्डिंग यावर अशी गाडी अडीचशे पाउंडांत होऊ शकते. आज तो आकडा विसरा, नुसत्या सरकारी टेस्टची फीच त्याच्या वर आहे, पण तीन हजार पाउंडांच्या आत रस्त्यावर आणायची हे माझं टार्गेट आहे आणि आजपर्यंत तरी हिशोब त्याच लायनीवर चाललाय.

डोनर, म्हणजे पार्ट काढायला घेतलेली जुनी गाडी, आहे माझदा एमएक्स-५ मार्क २, १.६ लिटर. या गाड्यांच्या दाराखालच्या सिल्स आणि पुढच्या चॅसी लेग गंजतात आणि मग एमओटीत, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या तपासणीत, फेल होतात, इंजिन-गिअरबॉक्स मात्र ठणठणीत असतात, म्हणजे आपल्याला जे हवं ते चांगलं आणि जे नको ते सडलेलं. सातशे पाउंडांच्या आसपास मिळाली आणि सीट, हूड, दरवाजे, बूटचं झाकण, लाइट असं एकेक विकून त्यातले बरेच पैसे परत आले. बजेट बिल्डची खरी कमाई इथेच आहे, अख्खी गाडी घ्या, स्वतः खोला, उरलेलं विका, सुटे पार्ट शोधत बसलात तर दुप्पट जातात. आणि डोनरचं लॉगबुक, म्हणजे नोंदणीचा कागद, जपून ठेवा, त्याचं कारण खाली येतंय.

आता चॅसी. २५ बाय २५ चा १.६ एमएम जाडीचा ईआरडब्ल्यू (शिवण वेल्ड केलेला) पाइप, १८ एमएम प्लायच्या सपाट टेबलावर फुल साइज ड्रॉइंग काढून, लाकडी ठोकळे स्क्रूनं मारून त्यात पाइप अडकवले आणि टाके मारत गेलो. पुस्तकातली चॅसी एस्कॉर्टच्या लाइव्ह अ‍ॅक्सलसाठी (मागची दोन्ही चाकं एकाच कडक आसावर) आहे, नंतर क्रिस गिब्ज यांची फोर्ड सिएराच्या पार्टवरची इंडिपेंडंट रिअरवाली (मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारी) ड्रॉइंग आली, पण एमएक्स-५ चे डिफपासून चाकापर्यंतचे ड्राइव्ह शाफ्ट कापायचे नसतील तर मागची रुंदी तेच शाफ्ट ठरवतात. मला सगळ्यात ठासून सांगायचंय ते हेच, आधी चॅसी पूर्ण करून मग पार्ट बसवायला जाऊ नका. डिफ, शाफ्ट, हब, गिअरबॉक्स हे सगळं आधी टेबलावर जिथे असायला पाहिजे तिथे लेव्हल करून मांडा आणि पाइप त्यांच्याभोवती घाला. मी मागचा अख्खा भाग असाच केला, डिफ लाकडी स्टँडवर ठेवला, दोन्ही बाजूंना ड्राइव्ह शाफ्ट आणि हब लावले, टेबलावरच्या सेंटर लाइनवर ओळंबा सोडला आणि मगच पहिला उभा पाइप कापला.

वेल्डिंगबद्दल बरेच जण विचारतात. सेकंडहँड मिग वेल्डिंग मशीन आहे, ०.६ ची वायर, आर्गॉन मिक्स गॅस. माझे मामा कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आयुष्यभर फॅब्रिकेशन करत आलेत, त्यांना व्हिडिओ कॉलवर जॉइंट दाखवले तर पहिलं वाक्य हेच, "आरं, येका बाजूनं वडत जाऊ नगंस, समदं वाकडं हुतंय बघ." मी म्हटलं, मामा, मग कसं करू? तर म्हणाले, "आदी समदे टाके मार, मग हितं येक, पल्याड येक, गार हुऊ दे, गडबड कशाला करतोस?" अगदी तसंच केलं. एक जॉइंट पुढे डावीकडे, पुढचा मागे उजवीकडे, हात लावता येईल इतका पाइप गार झाल्याशिवाय शेजारचा जॉइंट घ्यायचा नाही, आणि दर थोड्या वेळानं कर्ण मोजायचे. शेवटी दोन्ही कर्णांत एक एमएमच्या आत फरक राहिला. इंजिन बेच्या चौकटीत मी तात्पुरते आडवे पाइप टाकून ठेवले होते, ते सगळं संपल्यावर कापले, तो भाग उघडा असतो आणि तिथेच ओढ जास्त बसते. मामांना कर्णांचे आकडे पाठवले तर त्यांनी नुसता अंगठा पाठवला, पण तो अंगठा मला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोठा आहे.

आता मुख्य विषय, पीपीएफ. ज्यांनी एमएक्स-५ खोललीय त्यांना माहितीय, गिअरबॉक्सच्या शेपटापासून डिफच्या नाकापर्यंत अ‍ॅल्युमिनियमची एक लांब फ्रेम जाते, तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. तिच्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफ हे सगळं एकच कडक युनिट होतं, आणि म्हणूनच या गिअरबॉक्सला स्वतःचं माउंट नाही आणि डिफलाही मागच्या दोन कानांशिवाय आधार नाही. सेव्हनच्या दोन सीटमधल्या अरुंद टनेलमध्ये ही फ्रेम काही नीट बसत नाही, शिवाय माझा व्हीलबेस वेगळा, त्यामुळे ती काढावी लागते, आणि काढली की दोन्ही टोकं लोंबकळतात. नुसता खाली आधार द्यायला पट्टी लावून भागत नाही, तिथे जोर किती येतो ते बघा. १.६ चा टॉर्क साधारण १३४ न्यूटन मीटर, पहिला गिअर ३.१३६, फायनल ड्राइव्ह ४.३, गुणाकार केला की अठराशे न्यूटन मीटरच्या घरात जातो. चाकं पुढे फिरताना डिफची बॉडी उलटी फिरायला बघते, म्हणजे नाक वर उचलतं. माझं पुढचं माउंट कानांपासून ३५ सेंटीमीटरवर आहे, म्हणजे त्या एका ठिकाणी पाच हजार न्यूटन, सरळ भाषेत पाचशे किलो वर ढकलतंय, आणि हे क्लच हळू सोडला तर, झटक्यात सोडला की अजून जास्त. पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जोर उलटा, खाली. म्हणजे माउंट दोन्हीकडे तितकंच मजबूत पाहिजे.

मी असं केलं. डिफच्या नाकावर पीपीएफचे जे बोल्ट येतात तीच भोकं वापरली, म्हणजे कास्टिंगला ड्रिल लावायची गरज नाही. तिथे ६ एमएमची प्लेट, तिला दोन्ही बाजूंनी गसेट (तिकोनी आधारपट्ट्या), पुढे ट्यूबमध्ये पॉलीबुश, आणि तो बुश टनेलच्या दोन आडव्या पाइपांमध्ये डबल शिअरमध्ये, म्हणजे बोल्टाला दोन्ही बाजूंनी आधार देऊन, पकडलाय. आडवे पाइप नुसते टनेलच्या उभ्या पाइपांवर सोडले नाहीत, त्यांच्या टोकापासून तिरके पाइप सीटमागच्या बल्कहेडच्या (आडभिंतीच्या) खालच्या कोपऱ्यात नेले, कारण वर जाणारा जोर शेवटी कुठेतरी उतरला पाहिजे, पातळ पाइपाच्या मधोमध सोडला तर तो पाइप वाकणार. मागचे दोन कान मूळच्या बुशवरच बसवलेत, नवीन बुश घातले. गिअरबॉक्सला तसंच, शेपटावरच्या पीपीएफच्या भोकांना ब्रॅकेट, खाली रबर माउंट, आणि ते एका आडव्या मेंबरवर जो चार बोल्टांनी सुटतो. हा मेंबर वेल्ड करू नका, उद्या क्लच प्लेट बदलायची वेळ आली तर इंजिन-गिअरबॉक्स एकत्र वरून काढता आले पाहिजेत.

अँगलचं पण सांगतो. गिअरबॉक्सच्या आउटपुटचा आणि डिफच्या फ्लँजचा कोन एकमेकांना समांतर ठेवायचा म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफला जोडणाऱ्या प्रॉप शाफ्टचे दोन्ही क्रॉस (सांधे) सारख्याच कोनात फिरतात आणि एकाचा धक्का दुसरा मारतो. डिजिटल अँगल गेज चुंबकाचं येतं, स्वस्त आहे, त्यानं दोन्हीकडे मोजलं, अर्ध्या डिग्रीच्या आत आणलं आणि मगच ब्रॅकेटला फायनल वेल्ड मारला. प्रॉप शाफ्ट कापून बॅलन्स करायला बाहेर दिलाय, तिथे पैसे वाचवायचे नाहीत हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. तो शाफ्ट तुमच्या मांडीशेजारून फिरतो, मधे फक्त टनेलचा पत्रा असतो. बाकी खर्चात जिथे म्हणाल तिथे काटकसर करीन, पण ब्रेकचे पाइप, प्रॉप शाफ्ट, सीटबेल्टचे अँकर आणि टायर या चार गोष्टी नव्या आणि चांगल्याच.

टेस्टबद्दल, कारण त्यावर बरेच निर्णय अवलंबून असतात. इथे घरी बनवलेल्या गाडीला आयव्हीए नावाची तपासणी लागते, २००९ पासून जुन्या एसव्हीएच्या जागी ती आली. गाडी सुरक्षित आहे का एवढंच नाही, बाहेरच्या कडांची गोलाई किमान अडीच एमएम आहे का, ब्रेक मारल्यावर मागच्या आधी पुढची चाकं लॉक होतात का, वळणातून हात सैल केला की स्टीअरिंग स्वतःहून सरळ होतं का, हे सगळं बघतात. शेवटचं हलक्या गाड्यांना जड जातं, पुढच्या चाकांवर वजनच नसतं ना. म्हणून वरच्या विशबोनचा (चाक धरणाऱ्या व्ही आकाराच्या दांड्याचा) बॉल जॉइंट मागे-पुढे करता येईल असा ठेवलाय, म्हणजे कॅस्टर (ज्या कलामुळे स्टीअरिंग स्वतःहून सरळ होतं तो) नंतर वाढवता येईल. आणि लॉगबुक कशासाठी, तर नवीन चॅसीवर एकाच डोनरचे किमान दोन मोठे पार्ट वापरल्याचं दाखवता आलं की डोनरच्या वयाचा नंबर मिळू शकतो, नाहीतर क्यू प्लेट, म्हणजे गाडीचं वय न सांगणारा क्यूनं सुरू होणारा नंबर. इंजिनच्या वयावर एमिशनची मर्यादा ठरते, त्याचाही पुरावा याच कागदांतून निघतो.

पुण्याहून, नाशिकहून मेसेज येतात की हे आपल्याकडे करता येईल का. बनवता नक्की येईल, उलट आपल्याकडे लेथवाला, वेल्डर, फाउंड्री सगळं एका गल्लीत मिळतं, बाहासाठी (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) कॉलेजात रात्र-रात्र जागून रोल केज वेल्ड केलेली शेकडो पोरं महाराष्ट्रात आहेत. अडचण पासिंगची आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये हेच सांगितलं, आणि नवीन मॉडेल म्हणून करायचं तर एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून प्रोटोटाइप मंजुरी, ती कंपन्यांसाठी आखलेली प्रक्रिया. इथल्या आयव्हीएसारखी एकट्या हौशी माणसाच्या एका गाडीसाठीची वाट आपल्याकडे नाही. मला हे मनापासून खटकतं. इतके हात, इतकं कसब, आणि बनवलेली गाडी फक्त ट्रॅकवर किंवा खासगी जागेत. कडक टेस्ट ठेवा, दहा वेळा फेल करा, पण दार तरी ठेवा. तोपर्यंत तिकडे कोणी करणार असेल तर ट्रॅक कार म्हणूनच प्लॅन करा, रस्त्याचा विचार मनात ठेवून खर्च करू नका.

सध्या चॅसी उलटी करून राहिलेले खालचे जॉइंट ग्राइंड करतोय, पण वेल्ड सपाट घासत नाहीये, फक्त पत्रा बसणार तिथेच, कारण १.६ च्या पाइपावर वेल्ड घासला की ताकदच घासली जाते. मग रंग, आणि रंगानंतरच अ‍ॅल्युमिनियम. स्टीलला अ‍ॅल्युमिनियम थेट लागलं की इथल्या मीठ टाकलेल्या रस्त्यांवर ते पांढरं पडून खाल्लं जातं, म्हणून मधे पॉलीयुरेथेन सीलंट आणि मग रिव्हेट. नोज कोन आणि मडगार्ड फायबरचे सेकंडहँड बघून ठेवलेत, अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्टचे, रंग वाईट आहे पण आकार सरळ आहे. त्याच्या आधी एमएक्स-५ चं वायरिंग जमिनीवर पसरून एअरबॅग आणि पॉवर विंडोच्या वायरी वेगळ्या काढायच्यात, प्रत्येक कनेक्टरला खोलतानाच चिकटपट्टीवर नाव लिहून लावलंय त्यामुळे ते काम सुरळीत होईल. प्रॉप शाफ्ट आला की लांबी आणि स्लाइडिंग योकचं (शाफ्टच्या सरकत्या टोकाचं) किती अंतर बाहेर ठेवलं ते मापासकट टाकतो, आणि कोणाला डिफच्या माउंटचं ड्रॉइंग हवं असेल तर सांगा, कागदावर हातानं काढलेलं आहे, स्कॅन करून देतो.