चपला सांभाळणारा गाईड

भारत-नेपाळ सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडली की बसमध्ये मी माईक घेते. घड्याळं पंधरा मिनिटं पुढे करा, आपल्या शंभराचे इथे एकशे साठ होतात, आणि मग ते वाक्य: "मंडळी, आपण जगातल्या एकमेव हिंदू राष्ट्रात आलो आहोत!" टाळ्या पडतात, मागून कुणीतरी 'हर हर महादेव' म्हणतं. हे वाक्य मी सीनियर टूर मॅनेजरकडून उचललं आणि अकरा वर्षं म्हणत आले.

ते खरं नाही. १९६२ च्या घटनेनं नेपाळला हिंदू राज्य म्हटलं होतं. मे २००६ मध्ये तिथल्या संसदेनं देश धर्मनिरपेक्ष जाहीर केला, २००८ ला राजेशाही गेली, २०१५ च्या घटनेनं शिक्कामोर्तब केलं. मी हे कधी तपासलंच नाही.

त्या दिवशी पशुपतिनाथाला बेचाळीस जण होते. पश्चिम दारावर पाटी आहे, आत फक्त हिंदूंना प्रवेश. चामड्याची वस्तू आत चालत नाही, म्हणून पट्टे, पाकिटं, पर्सेस, चपला सगळं बाहेर ठेवावं लागतं. आमचा गाईड प्रत्येक कुटुंबाला वेगळी पिशवी द्यायचा, नंबर लिहून. सात वर्षांत एक पट्टासुद्धा हरवला नाही. तो दर वेळी बाहेर थांबायचा आणि मला वाटायचं, किती जबाबदार माणूस.

एका काकांनी प्रेमानंच विचारलं, "तुम्ही नाही येत दर्शनाला?"

तो म्हणाला, "काका, मी ख्रिश्चन आहे."

कुणी काही बोललं नाही. एका काकूंनी मात्र त्याच्या हातातली आपली पिशवी काढून घेतली आणि चपला पुन्हा पायात घातल्या. आदल्या दिवशी ह्याच काकूंनी काठमांडूतल्या वसंतपूरच्या कुमारी घरात त्याला तीन वेळा थांबवून प्रश्न विचारले होते. कुमारी म्हणजे जिवंत देवी मानलेली लहान मुलगी, ती शाक्य बौद्धांच्या घरातून निवडतात, पूर्वी इंद्रजात्रेच्या उत्सवात राजा तिच्यापुढे वाकून टिका घ्यायचा, आता राष्ट्रपती घेतात. इतकं सुंदर कुणी सांगत नाही.

दुपारी जेवणावर काका म्हणाले, "आम्हाला नेपाळी गाईड द्या." म्हटलं, तो नेपाळीच आहे, तामाङ, इथल्याच डोंगरातला. "तसा नाही हो, खरा नेपाळी." ऑफिसला फोन केला. उत्तर आलं, ग्रुप सांभाळ, गाईड बदल. ऑफिसला ग्रुपचा फीडबॅक फॉर्म तेवढा दिसतो. पण बदलला मी. पुढचे दोन दिवस दुसरा मुलगा आला.

त्या दिवशी संध्याकाळी हिशोबाला आधीचा गाईड हॉटेलवर आला. मी विचारलं, इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?

"दिदी, बसमध्ये तुमचं ते वाक्य झाल्यावर कधी सांगणार होतो?"

मग त्यानं मोबाईलवर त्यांची घटना उघडली. धारा ४, म्हणजे कलम ४. लिपी आपलीच, त्यामुळे मीच वाचलं: धर्मनिरपेक्ष म्हणजे 'सनातनदेखि चलिआएको धर्म संस्कृतिको संरक्षण', सनातन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीचं रक्षण, आणि त्यासोबत धार्मिक, सांस्कृतिक स्वातंत्र्य. पुढे धारा ९, राष्ट्रीय प्राणी गाय. "ती माझीपण आहे ना," तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या बुडणाऱ्या दोन दिवसांचे पैसे मी दिले, त्यानं ते मोजून परत केले.

हल्ली ऑफिस त्याला यात्रेच्या ग्रुपवर पाठवत नाही. तो ट्रेकर्स नेतो.

मागच्या महिन्यात सोनौलीला मी ते वाक्य गाळलं. तरी पहिल्या सीटवरचे एक आजोबा ते म्हणालेच आणि टाळ्या पडल्या. मी म्हटलं, "आजोबा, २००६ पर्यंत."

"मग आता काय आहे?"

मोबाईल काढला आणि धारा ४ माईकवर वाचली, सावकाश, दोनदा. अर्धी तर मंडळींना तशीच कळली. टाळ्या पडल्या नाहीत. बुटवल येईपर्यंत आजोबा खिडकीबाहेर बघत होते, मग मागे वळून म्हणाले, "ते सनातनवालं पुन्हा वाचा बघू."