वारस नोंदीतला स्त्रीवाद

खानदेशातल्या चोपडा किंवा शिरपूरकडचं साधं शेतकरी कुटुंब घ्या. 8 एकर वडिलोपार्जित जमीन, आई-वडील, दोन मुलगे, एक मुलगी. मुलीचं लग्न 1994 च्या आधी झालेलं, म्हणजे अविवाहित मुलींना वाटा देणाऱ्या त्या वर्षीच्या राज्याच्या दुरुस्तीचा तिला उपयोग नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले. जुन्या हिंदू वारसा कायद्याने मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं: वडील, आई आणि दोन मुलगे, चार हिस्से, प्रत्येकी 2 एकर. मुलगी या वाटणीत नाहीच. मग वडिलांचे 2 एकर आई, दोन मुलगे आणि मुलगी यांच्यात. मुलीला 20 गुंठे, भावांना अडीच-अडीच एकर. 9 सप्टेंबर 2005 पासून, कायद्यातल्या दुरुस्तीने, मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची वाटेकरी झाली. आता आधी पाच हिस्से, मग वडिलांच्या हिश्श्याचे चार, आणि हिशेब केला की चौघांना बरोबर 2-2 एकर. 20 गुंठ्यांचे 80 झाले.

स्त्रीवादाला राजकीय विचारसरणी का म्हणतात, हे या वाढलेल्या 60 गुंठ्यांवरून लगेच कळतं. सत्ता आणि मालमत्ता कुणाच्या हाती, कोणत्या नियमाने, आणि तो नियम बदलणार कोण, हे तिचे प्रश्न. उत्तरांवरून मात्र स्त्रीवाद्यांचं आपसातच जोरदार भांडण आहे, आणि ते बरं आहे.

उदारमतवादी स्त्रीवादाचं उत्तर कायद्यापाशी सुरू होतं. 1792 मध्ये इंग्रज लेखिका मेरी वोलस्टोनक्राफ्टने बाईलाही बुद्धी आहे, तेव्हा शिक्षण आणि नागरिकत्व द्या, असं मांडलं. इंग्लंडमध्ये विवाहितेला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क 1882 च्या कायद्याने मिळाला. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आली, आणि त्यांनी कायद्याच्या पुढे जाऊन थेट पुरुषांच्या दुटप्पीपणावर बोट ठेवलं. मताधिकार न्यूझीलंडमध्ये 1893 ला, ब्रिटनमध्ये पुरुषांच्या बरोबरीने 1928 ला. आपल्याकडे राज्यघटनेनेच सगळ्या प्रौढांना एकदम दिला.

कायद्यात आलं म्हणजे हातात आलं, असं होत नाही. मार्क्सवादी म्हणतात, बाईच्या दुय्यमपणाचं मूळ खासगी मालमत्तेत आहे. एंगल्सने 1884 मध्ये हेच मांडलं. खानदेशात याचं सगळ्यात ठळक उदाहरण शहादा. 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि साथींनी भिल्ल शेतमजुरांना घेऊन श्रमिक संघटना उभी केली. मागण्या मजुरीच्या आणि बळकावलेल्या जमिनीच्या. मोर्चात बायका पुढे होत्या, आणि संघटनेत आल्यावर त्यांनी वेगळाच प्रश्न काढला: वाढलेली मजुरी दारूत जाते आणि मार आम्हाला पडतो, त्याचं काय? 1973 मध्ये त्यांनी गावोगाव दारूची मडकी फोडली, मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. घरातलं भांडण हे राजकारणच आहे, हे सूत्र अमेरिकेतल्या जहाल स्त्रीवाद्या त्याच काळात लेखांतून मांडत होत्या. मजुरीच्या लढ्यात घरातली मारहाण आपोआप येत नाही, ती बायकांना ओढून आणावी लागते, हा शहाद्याचा धडा मला आजही सगळ्यात मोलाचा वाटतो. पुढे सासरच्या छळाविरुद्धचं 1983 चं कलम 498 अ आणि 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आला, त्यामागे देशभरातल्या अशाच दबावाची ताकद होती.

शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती ही तिसरी तऱ्हा. नवऱ्याने राजीखुशीने थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये शंभरावर बायकांच्या नावे जमीन झाली. 1992 मध्ये सरकारने पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. खोट एकच, पण मोठी: अर्ज नवऱ्यानेच करायचा. बाईचा हक्क इथे नवऱ्याच्या मर्जीवर उभा राहतो.

आता प्रत्यक्ष कागदावर काय होतं ते बघू. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. ई-हक्क पोर्टलवरूनही देता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, 8 अ (खातेउतारा) आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. वारस नोंदवहीची चौकशी होते, फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, 15 दिवस हरकतीसाठी, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मुलगी गळते ती बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्रातच. भाऊ दोघांचीच नावं देतो. किंवा नाव दिलं तरी माहेरचं, आणि आधारवर सासरचं, म्हणून नोंद अडकते. लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद आधीच जोडावी. नोटीस सासरच्या पत्त्यावर जायला हवी, ती माहेरीच ‘मिळाली’ म्हणून सही होऊन परत येते. प्रमाणित नोंदीवर 60 दिवसांत प्रांताधिकाऱ्याकडे अपील करता येतं. आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही. फेरफार महसुलाची नोंद आहे, मालकी ठरवणारा निकाल नव्हे.

वडिलांनी स्वतः घेतलेल्या जमिनीत तर मृत्युपत्र नसेल तेव्हा मुलीला 1956 पासूनच मुलाइतका वाटा आहे. ‘2005 च्या आधी बहिणीचा संबंधच नव्हता’ असं पारावर ठासून सांगणारे भेटतात. वडील 2005 च्या आधी गेले असले तरी जिवंत मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला जन्मसिद्ध हक्क सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात मान्य केला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणी झाली असेल, तर ती मात्र उकरता येत नाही. ‘तोंडी वाटणी केव्हाच झाली होती’ हा बचाव न्यायालय सहसा ऐकत नाही.

सगळ्यात जास्त हक्क जातो हक्कसोडीत. गंधमुक्तीला, म्हणजे उत्तरकार्याला, सगळे जमलेले, बहीण रडून थकलेली, आणि कुणीतरी कागद पुढे करतो. साध्या स्टॅम्पवरची, नोंदणी न झालेली सही जमिनीवरचा हक्क संपवत नाही, पण दुय्यम निबंधकापुढे नोंदलेलं हक्कसोडपत्र फिरवायला दिवाणी दावा लागतो आणि फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. सही का होते? हिस्सा मागितला तर आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी बोलावणार कोण, ही भीती खरी आहे. भावाच्या दारात वर्षातून एकदा मिळणाऱ्या पाहुणचाराची किंमत 2 एकर असू नये, असं माझं मत. पण सासरी काही बिनसलं तर माहेरच आधार असतो, त्यामुळे सही करणाऱ्या बाईला भोळी म्हणणंही मला पटत नाही.

मग आदिवासीबहुल नंदुरबार. हिंदू वारसा कायद्याचं कलम 2(2) म्हणतं, केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे वरचं सगळं 2-2 एकरांचं गणित पावरा किंवा भिल्ल मुलीला तसंच लावता येत नाही. सगळ्या बायकांचा प्रश्न एकच, असं धरून चालणारा स्त्रीवाद इथे तोकडा पडतो. दलित स्त्रीवादाने जातीबद्दल हाच आक्षेप घेतला, आणि अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉने 1989 मध्ये अमेरिकेतल्या काळ्या बायकांच्या खटल्यांवरून तोच मुद्दा मांडला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका प्रकरणात आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला, पण तो समतेच्या तत्त्वावर. कायद्याचं कलम तसंच आहे.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात सध्या हाताशी येणारा कागद वनहक्काचा. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(4) सांगतं की विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे हवा. ग्रामसभेकडे दावा देतानाच अर्जात पत्नीचा रकाना भरलाय का, पुराव्यांवर तिचं नाव एकाच पद्धतीने लिहिलंय का, हे बघा. पट्टा हातात आल्यावर वरचं नाव पुन्हा तपासा. फक्त नवऱ्याचं असेल, तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या.