परसातला तुकडा विकला आणि टॅक्सनं डोकं खाल्लं

राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या मागं दीड-एक गुंठा परस आहे, म्हणजे होतं. बाबा गेल्यावर तिथं शेवगा, दोन नारळ आणि आईची जास्वंद एवढंच उरलं होतं, पाणी घालायला माणूस नाही. शेजारचे काका बरीच वर्षं मागं लागलेले, शेवटी गेल्या नोव्हेंबरात देऊन टाकलं. महापालिकेची पोटविभागणी, मोजणी, वेगळं प्रॉपर्टी कार्ड यात चपला झिजल्या ते परत कधीतरी लिहीन, आज फक्त विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्सचं.

माझा समज असा की राहतं घर आहे, घराला सवलत असते, मग बागेला पण असणारच की. सीए साहेब हसले. घर विकून दुसरं घर घेतलं की जी सूट मिळते त्यात घराला लागून असलेली जागा धरतात खरी, पण घर तसंच ठेवून नुसता परसाचा तुकडा विकला तर त्यावर वाद होऊ शकतो, त्या भरवशावर राहू नका म्हणाले. मोकळी जागा विकली असंच धरून चालायचं.

मग हिशेब. बाबांनी प्लॉट घेतला १९७८ ला, आणि वारसानं आलेल्या जागेला बाबांचीच खरेदी धरतात. पण २००१ च्या आधीची खरेदी असली की १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, फक्त ती त्या दिवशीच्या सरकारी दरापेक्षा (रेडी रेकनर) जास्त दाखवता येत नाही. आणि किंमत फक्त त्या तुकड्याची! घर बांधायला घातलेला पैसा इथं चालत नाही, मी स्लॅबची बिलं शोधून ठेवली होती, वाया गेली.

खरे आकडे सांगत नाही, आई रागवेल. समजा तुकडा ४० लाखाला गेला आणि २००१ ची किंमत २ लाख. सरळ मार्ग म्हणजे ३८ लाखावर साडेबारा टक्के, ४ लाख ७५ हजार. दुसरा मार्ग महागाई निर्देशांकाचा (इंडेक्सेशन), म्हणजे जुनी किंमत महागाईप्रमाणं वाढवून धरायची, २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जागेला तो अजून निवडता येतो. २००१-०२ चा निर्देशांक १०० धरला तर २०२५-२६ चा ३७६, म्हणजे २ लाखाचे ७ लाख ५२ हजार होतात, उरलेल्यावर २० टक्के, जवळजवळ साडेसहा लाख. मला वाटायचं इंडेक्सेशन म्हणजे नेहमी फायदाच, तसं नाही हो. मी कागदावर मांडून बघितलं, विक्री २००१ च्या किमतीच्या साधारण आठ-सव्वाआठ पटीच्या आत असेल तरच ते परवडतं. (टॅक्सच्या रकमेवर ४ टक्के सेस, म्हणजे जादा उपकर, दोन्हीकडं वेगळा.)

आता खरी गंमत. कार्डावर आई, मी आणि सांगलीची ताई अशी तिघांची नावं, त्यामुळं नफा पण तीन वाट्यांत. आईला दुसरं उत्पन्न जवळपास नाहीच, तर तिच्या वाट्यातले नव्या करपद्धतीतले करमुक्त ४ लाख आधी वजा होतात आणि टॅक्स उरलेल्यावरच. ताईनं हक्कसोड केला असता तर हिशेब बदलला असता, लोक असले कागद घाईत करतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

काकांचा मुलगा म्हणाला निम्मे रोख घ्या. आई म्हणाली, "बाळ, मला म्हातारपणी नोटीस नको." बरोबरच होतं तिचं. वीस हजार आणि त्यावरचे पैसे रोखीत घेता येत नाहीत, शिवाय व्यवहार रेडी रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी दाखवला तर टॅक्स रेकनरच्याच किमतीवर बसतो आणि घेणाऱ्याला पण फरकावर भरावा लागू शकतो.

टॅक्स वाचवायचा तर आरईसी, पीएफसी या सरकारी कंपन्यांचे बाँड आहेत, सहा महिन्यांच्या आत, ५० लाखांपर्यंत, आणि त्यात नुसता नफा घातला तरी चालतो. मोकळी जागा विकून नवीन घर घेतलं तर वेगळी सवलत आहे, तिच्यात मात्र पूर्ण विक्रीची रक्कम घालावी लागते, तेव्हा पूर्ण सूट. ताई फ्लॅट बघतीयच, तिनं तो रस्ता धरला. मी आईला बाँड सुचवले तर म्हणाली, "पाच वर्षं पैसे अडकवू? माझं वय किती?" आणि टॅक्स भरायला तयार झाली. ज्येष्ठ नागरिक, धंदा नाही, म्हणून तिला ॲडव्हान्स टॅक्सची, म्हणजे वर्ष संपायच्या आत हप्त्यानं टॅक्स भरायची कटकट पण नाही. मला होती, १५ डिसेंबरचा हप्ता मी विसरलो आणि व्याज भरलं.