लांडग्याचे डोळे

दुपारची जेवणं उरकलीत, टीव्हीवर जुनं कार्टून लागलंय. लांडगा टेबलावर डोकं आपटून घेतो, पोरं खिदळतात. खुर्चीत पेंगणारे आजोबाही हसतात, पण जरा आधी. बाई स्टेजवर आली तेव्हाच.

कार्टून हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचं, १९४३चं, 'रेड हॉट रायडिंग हूड'. दिग्दर्शक टेक्स एव्हरी. सुरुवात पाकात घोळलेली: टोपलीवाली गुणी मुलगी, आजारी आजी, दबा धरलेला लांडगा. मग पात्रंच निवेदकावर उखडतात, तेच तेच किती दिवस? गोष्ट नव्याने सुरू होते. लांडगा सुटाबुटात नाइटक्लबात, ती टोपलीवाली, म्हणजे रेड, तिथली गायिका, आणि आजीबाई लांडग्याच्याच मागे लागलेल्या.

रेडचा नाच प्रेस्टन ब्लेअरने काढलाय, अगदी मन लावून. त्या नाचात विनोद औषधालाही नाही. तो सगळा लांडग्याच्या वाट्याला. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम; एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर १२ चित्रं. डोळे बाहेर पडायचे तर आधी अंग आवळून खाली दबायला हवं, मग सगळं ताणून वर, आणि तिथे क्षणभर थांबायचं. दबणं गाळलं तर काय झालं ते नजरेला कळत नाही. थांबणं लांबलं तर हसू विरतं.

हे पोरांसाठी नव्हतंच. मुख्य सिनेमाआधी सातेक मिनिटं, समोर दमूनभागून आलेली मोठी माणसं. सेन्सॉरचीही टिंगल चाले. 'अ टेल ऑफ टू किटीज'मध्ये (१९४२) एक मांजर ओरडतं, 'पक्षी दे!' दुसरं आपल्याकडे वळून म्हणतं, हेज ऑफिसने, म्हणजे हॉलिवूडच्या सेन्सॉरने, परवानगी दिली तर दिलाच असता. इंग्रजीत 'पक्षी देणं' म्हणजे हुर्यो उडवणं. तो पक्षी, म्हणजे ट्वीटी, तेव्हा गुलाबी आणि उघडावाघडा होता; पिवळी पिसं नंतर आली.

सगळ्यात चोरटा विनोद मात्र कानाचा. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या कार्टूनांचा संगीतकार कार्ल स्टॉलिंग. लाल झग्यातली बाई आली की वाद्यांवर 'द लेडी इन रेड', खाणं दिसलं की 'अ कप ऑफ कॉफी, अ सँडविच अँड यू'. शब्द एकही नाही. गाणं ठाऊक असलेला गालात हसणार, बाकीच्यांना नुसतं पार्श्वसंगीत. गाण्यांचे हक्क वॉर्नरच्याच घरात, म्हणून ही चैन परवडायची.

ती गाणी आता कुणाला आठवतात? काही विनोदांचंही तसंच. 'फॉलिंग हेअर'मध्ये (१९४३) विमान भोवंडत खाली येतं आणि जमिनीला टेकायच्या आत हवेतच थांबतं. पेट्रोल संपलं! बग्ज बनी, म्हणजे कार्टूनमधला ससा, काचेवरचं 'ए' अक्षर दाखवतो. युद्धकाळातल्या अमेरिकेतल्या पेट्रोल रेशनमधलं सगळ्यात खालचं कार्ड ते, आठवड्याला तीन-चार गॅलन. थिएटरात बसलेल्यांच्या गाडीवरही तेच चिकटलेलं.

आजोबांनाही ते 'ए' कळत नाही. विमान हातभर वर लटकलं म्हणून पोरं हसतात, तेव्हाच तेही हसतात.