जिभेची घाई

ती आली जबडा दुखतो म्हणून. संगीत नाटकात काम करणारी, विशीतली मुलगी. स्वरयंत्रात काही नव्हतं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून तसं लिहूनही दिलं होतं. खरं दुखणं बोलता बोलता बाहेर आलं. तालमीत दिग्दर्शक रोज तिच्यावर वैतागत होते, "संवाद खणखणीत बोलतेस, मग पद सुरू झालं की शब्द कुठे जातात?" हिने मग पदंही संवादासारखी ठासून म्हणायचा सपाटा लावला. शब्द होते तिथेच राहिले, वर जबडा धरला.

"पण मॅडम, ताई तर क्लासमध्ये काहीच म्हणत नाहीत," ती म्हणाली. ताई म्हणजे तिच्या गाण्याच्या बाई. त्या ऐकतात सूर आणि लय, आणि शेवटच्या रांगेतला माणूस ऐकतो गोष्ट. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

आम्हा स्पीच थेरपिस्टांकडे येतात पक्षाघातानंतर बोलणं गेलेले आजोबा, उशिरा बोलणारी मुलं, अडखळत बोलणारे तरुण. गाणारं कुणी आलं की मला हुरूप येतो, हे कबूल करते. मोबाइल स्टँडला लावला, स्लो मोशन सुरू केलं आणि पदाची एकच ओळ आधी नुसती वाचायला सांगितली, मग गायला. ओळ 'वेळी' या शब्दावर संपत होती. 'वे' तीन मात्रा लांबवायचा आणि 'ळी' थेट तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर.

वाचताना सगळं स्वच्छ. गातानाचा व्हिडिओ सावकाश पुढे सरकवला तर 'वे' सुरू होऊन जेमतेम एक मात्रा झालेली, आणि जिभेचं टोक टाळूकडे वळलेलं. खालच्या बाजूची निळसर शीरसुद्धा दिसत होती. 'ळ' यायला अजून दोन मात्रा बाकी, आणि जीभ केव्हाच तिथे जाऊन बसलेली!

यात तिचं वेगळं काही नाही. बोलताना आपण सगळेच असं करतो. सेकंदाला चार-पाच अक्षरं उच्चारायची तर पुढच्या अक्षराची तयारी आधीच्या अक्षरातच व्हावी लागते. बोलण्यातला 'वे' इतका आखूड असतो की शेवटी तो जरा वळला तरी कानाला पत्ता लागत नाही. गाण्यात तो लांबतो, आणि वळलेल्या जिभेमागचा 'ए' लांबच लांब, गिळल्यासारखा ऐकू येत राहतो. 'ळ', 'ण', 'ट' आले की हमखास. अनुस्वाराचंही तेच. टाळूचा मागचा पडदा आधीच खाली आला की अख्खा स्वर नाकात जातो. म्हणून गाताना स्वर शेवटपर्यंत उघडा ठेवायचा आणि व्यंजन अगदी ऐनवेळी, झटकन उरकायचं.

'ळी'मधल्या 'ई'ची कथा निराळी. ही मुलगी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा 'सा'. तिचा तार षड्ज सुमारे 415 हर्ट्झ, सेकंदाला तितकी कंपनं. आपण 'ई' म्हणतो तेव्हा जीभ वर चढलेली असते, जबडा जवळजवळ मिटलेला, आणि या आकाराच्या पोकळीचा सर्वात खालचा घुमारा बाईच्या तोंडात साधारण 300 हर्ट्झच्या आसपास असतो. सूरच त्याच्या वर गेला, तर त्या घुमाऱ्यापाशी वाजायला आवाजात काही उरतच नाही. मग कितीही दात आवळून 'ई' म्हणा, आवाज पातळ होतो आणि जोर सगळा जबड्याच्या सांध्यावर जातो. गाण्याच्या आवाजाचे अभ्यासक, स्टॉकहोमचे योहान सुंडबर्ग यांनी 1970 च्या दशकात मोजून दाखवलं होतं, की वरच्या पट्टीत गाणारी सोप्रानो गायिका सूर चढेल तसा जबडा उघडत नेते, म्हणजे तो घुमाराही सुराबरोबर वर सरकतो. 'ई' थोडी 'ए'कडे झुकते. पण मागचापुढचा शब्द ओळखीचा असला की ऐकणारा ती 'ई' म्हणूनच ऐकतो.

"सर म्हणतात माइक आहे ना, मग तोंड कशाला एवढं उघडायचं?" तिचा प्रश्न. माइक आवाज मोठा करतो गं, तोंडाचा आकार बदलून देत नाही.

काम तसं साधंच दिलं. अंगठा हनुवटीवर, जबडा बोटभर उघडा आणि अजिबात न हलवता 'ला ला ला', मग 'ळा ळा ळा'. बोलताना जबडा जिभेला हात देतो, त्यामुळे एकट्या जिभेला हे फार जड जातं. पहिल्यांदा तिची हनुवटी प्रत्येक 'ळ'ला उडत होती आणि आम्ही दोघी हसत होतो. दुसरा अंगठा हनुवटीखालच्या मऊ भागात ठेवायचा. तो भाग टणक लागला की समजायचं, जिभेचं मूळ दाबलं जातंय. मग फक्त स्वरांवर पद: 'वेळी'ऐवजी 'ए-ई'. ते मोकळं झालं की व्यंजनं परत घालायची, प्रत्येक मात्रेच्या अगदी कडेला.

काही आठवड्यांनी तिने तालमीला बोलावलं. मी मुद्दाम मागे जाऊन बसले. ऑर्गनने सूर दिला, पद सुरू झालं, आणि 'वेळी' माझ्यापर्यंत पोचला. 'ळ' कुठे आला ते कळलंसुद्धा नाही, नुसता शब्द ऐकू आला. ऑर्गनवाल्या काकांनी मान डोलावली. जबडाही आता दुखत नव्हता.

पद संपलं आणि लगेच संवाद आला. "मी येते," असं साधं वाक्य. ते ऐकू आलं "मे येते". गाण्यातला उघडा जबडा घेऊनच बाई संवादात शिरल्या होत्या. दिग्दर्शकांनी वळून माझ्याकडे पाहिलं, "मॅडम, हे तुमचंच का?"

पुढच्या वेळेला संवादाची वही घेऊन यायला सांगितलं आहे.